पिवळी झाक

मास्तर कुठल्याही शाळेत शिकवत नव्हते. बाजारामागच्या गल्लीत, चपलांचं दुकान आणि चाव्या बनवणारा यांच्या मधोमध त्यांचा फोटो स्टुडिओ होता. पासपोर्टचे आणि ओळखपत्राचे फोटो काढणं हा रोजचा धंदा. पण आसपासच्या फोटोवाल्यांना काही अडलं की ते इथे यायचे, आणि मास्तर एकदा समजावून सांगायला बसले की समोरच्याचा चहा गार व्हायचा तरी यांचं बोलणं आवरत नसे. म्हणून नाव पडलं मास्तर, आणि ओघानेच त्यांची बायको झाली सगळ्यांची वहिनी.

स्टुडिओ वडिलांपासून चालत आलेला, वरच राहतं घर. रोलच्या काळात मागच्या अंधाऱ्या खोलीत, लाल दिव्याखाली, मास्तरांची निम्मी उमर गेली. डिजिटल कॅमेरे आले तेव्हा त्यांच्या बरोबरीच्या बऱ्याच जणांनी हाय खाल्ली. कुणी दुकान विकलं, कुणी मोबाइलची कव्हरं विकायला बसलं. मास्तरांनी मात्र कॉम्प्युटर आणला आणि त्या वयात नव्याने मुळाक्षरं गिरवायला घेतली. त्यात त्यांचा जीव रमला तो रॉ फायलींमध्ये.

रॉ फाईल म्हणजे कच्चा माल. कॅमेऱ्यात उजेड जसा शिरला तसा तिच्यात उतरलेला असतो, पण तो अजून फोटो नसतो. फोटो व्हायला त्याला सॉफ्टवेअरमधून जावं लागतं. आणि गंमत अशी, की एकच फाईल तीन सॉफ्टवेअरमध्ये उघडली तर तीन निराळे फोटो समोर येतात. एकात आभाळ जास्त निळं, दुसऱ्यात सावल्या दाट, तिसऱ्यात माणसाचा चेहरा भलताच गुलाबी. यातलं चांगलं कुठलं, यावर फोटोवाले हमरीतुमरीवर येतात. मास्तरांनी त्या भांडणाचा निवाडा करायचं मनावर घेतलं. इंटरनेटवर फोटोवाल्यांचं एक मंडळ होतं, त्यात ते लेख लिहायचे. नवा कॅमेरा किंवा सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की एकच फाईल सगळ्यांत उघडायची, शेजारीशेजारी ठेवायची, आणि कोण कुठे चुकलं ते कुणाची भीडभाड न ठेवता सांगायचं. मंडळात त्यांचा शब्द चालायचा. मास्तर काय म्हणतात ते बघितल्याशिवाय लोक सॉफ्टवेअर घेत नसत.

सॉफ्टवेअरांना टोपणनावं दिली होती वहिनींनी. कॅमेरा बनवणाऱ्या कंपनीने सोबत दिलेलं ते माहेरचं. महिन्याच्या महिन्याला पैसे मागणारं ते भाड्याचं. आणि ठिकठिकाणच्या हौशी लोकांनी आपापली नोकरी सांभाळून, एक पैसा न घेता बनवलेलं ते फुकटचं. मास्तरांनी एकदा सांगितलं, की कंपनीचं सॉफ्टवेअर रंग जरा गोड करून दाखवतं. त्यावर वहिनी म्हणाल्या, “दाखवणारच. माहेरी लेकीचं सगळं गोडच दिसतं.” तेव्हापासून मंडळातसुद्धा हीच नावं रूढ झाली.

तुलनेसाठी नेहमी एकाच जातीचा फोटो लागतो. मास्तरांनी आधी फळं मांडून पाहिली, तर ती दोन दिवसांत सुरकुतली. मग दोऱ्याची रंगीत रिळं मांडली, पण रिळांच्या रंगात थोडा फरक पडला तर कुणाच्या लक्षात येतो? माणसाचा चेहरा मात्र जरा बिघडला तरी बघणाऱ्याला खटकतो. म्हणून त्यांनी वहिनींना खिडकीशी स्टुलावर बसवलं. खिडकी उत्तरेची. तिथून येणारा उजेड दिवसभर एकसारखा. अंगावर निळी शाल दिली आणि हातात राखाडी कार्ड. हे कार्ड म्हणजे रंगाचा वजनकाटा. त्यात ना तांबूस छटा, ना निळसर, ना पिवळी. फोटोत ते कार्ड राखाडी दिसलं म्हणजे बाकीचे रंगही ठिकाणावर आहेत असं समजायचं.

“कैदी धरतात तशी पाटी धरायला लावलीत,” वहिनी पहिल्यांदा बसल्या तेव्हा म्हणाल्या होत्या. “गुन्हा काय केला ते तरी सांगा.”

तेव्हापासून दर कॅमेऱ्याला, दर आवृत्तीला वहिनी तशाच बसत आल्या. तीच खिडकी, तीच शाल, तेच कार्ड, आणि चेहऱ्यावर ‘आटपा लवकर, भाजी गॅसवर आहे’ हा तोच भाव. प्रत्यक्ष कधीही न भेटलेले शेकडो फोटोवाले वहिनींचा चेहरा ओळखायचे. डाव्या गालावरचा तीळ कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये किती रेखीव उतरतो यावर त्यांच्यात वाद व्हायचे. वहिनींना त्याचं ना कौतुक होतं, ना राग. दुकानात गल्ला त्याच सांभाळायच्या. पासपोर्टचे फोटो कात्रीने कापायच्या ते इतके सरळ, की मास्तरांनी आणलेलं कटर खोक्यातच पडून राहिलं.

ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी मास्तरांनी नवा कॅमेरा घेतला. बाजारात नुकताच आलेला, मंडळात फार कुणाकडे नसलेला. लेख लिहायची त्यांना घाई झाली होती. वहिनींची तब्येत तेव्हा जरा मागेपुढेच चालली होती. जेवण पानात राहायचं. अंगाला खाज सुटायची, म्हणून त्यांनी साबण बदलून पाहिला, मग आणखी एकदा बदलला. कपडे सैल व्हायला लागले तेव्हा म्हणाल्या, बरंच झालं, आयता बारीकपणा आला. लेक दुसऱ्या शहरात नोकरीला होती. ती फोनवर म्हणायची, डॉक्टरकडे जाऊन ये. वहिनी म्हणायच्या, जाईन. मास्तरांनीही दोनतीनदा म्हटलं, पण त्या जाईन म्हणाल्या की त्यांना गेल्यासारखंच वाटायचं.

वहिनी स्टुलावर बसल्या. मास्तरांनी फोटो काढले आणि कॉम्प्युटरवर फाईल आधी फुकटच्यात उघडली. चेहरा पिवळा आला. जुन्या वर्तमानपत्राचा कागद असतो तसा. मास्तरांनी कार्डावर टिचकी मारून रंग जुळवला. कार्ड राखाडी झालं, चेहरा पिवळाच राहिला. त्यांनी स्क्रीन तपासली, आकडे पुन्हा जुळवले, खिडकीसमोरच्या इमारतीला नवा रंग तर लावला नाही ना हेही बघून आले. मग फाईल भाड्याच्यात उघडली. तिथे पिवळेपणा थोडा कमी, पण होताच. माहेरच्यात मात्र चेहरा बराचसा नेहमीसारखा. तेव्हा मास्तरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कॅमेरा नवा, त्याच्या रंगांची नीट ओळख अजून बाकीच्यांना झालेली नाही, कंपनीला मात्र स्वतःच्या लेकीची नस ठाऊक. याआधीही एका कॅमेऱ्याच्या वेळी असं झालं होतं, त्यामुळे त्यांना शंका घ्यायचं कारणच उरलं नाही.

त्यांनी वहिनींना हाक मारली. त्या ओले हात पदराला पुसत मागे येऊन उभ्या राहिल्या.

“हे बघ, फुकटच्याने तुझी काय दशा केलीय,” मास्तर म्हणाले.

वहिनींनी वाकून पाहिलं. “अशीच तर दिसते मी. हल्ली आरशातही अशीच दिसते.”

मास्तर हसले. न्हाणीघरातल्या आरशावरचा दिवाच पिवळा आहे, त्यात कुणीही पिवळंच दिसणार, असं त्यांनी समजावलं. एवढ्यावर थांबले असते तर ते मास्तर कसले. दुसऱ्या दिवशी बाजारातून पांढरा दिवा घेऊन आले आणि स्टुलावर चढून तो आरशावर बसवला. वहिनी खाली स्टूल धरून उभ्या होत्या. नंतर कितीतरी दिवस मास्तरांना बाकी काही आठवलं नाही तरी हे आठवायचं, की आपण वर दिवा पिळत होतो आणि ती खालून म्हणत होती, सांभाळून.

लेख मोठा झाला. सॉफ्टवेअरमध्ये रंग कमीजास्त करायच्या पट्ट्या असतात. त्यातली पिवळ्या रंगाची पट्टी कुठे किती मागे ओढली की चेहरा मूळ रंगावर येतो, हे मास्तरांनी प्रत्येक सॉफ्टवेअरचं वेगवेगळं दिलं. सगळ्यात जास्त ओढायला लागली ती फुकटच्यात, म्हणून त्याला सगळ्यात कमी गुण. आधीचा फोटो, नंतरचा फोटो, शेजारीशेजारी. नंतरच्या फोटोत वहिनी गेल्या वर्षीसारख्या टवटवीत. आणि फुकटच्याचा दोष ठळक करायला त्यांनी एक वाक्य घातलं: ‘ही पिवळी झाक इतकी खोल आहे की डोळ्यांच्या पांढऱ्या भागातही ती उतरते.’

मंडळात वाहवा झाली. फुकटच्याचे चाहते जरा चरफडले, पण समोर पुरावा होता. दोन दिवस अशी वादावादी चालली आणि तिसऱ्या दिवशी दुपारी दुकानातला फोन वाजला.

फोन दातांच्या डॉक्टरांचा होता. त्यांना पक्ष्यांचे फोटो काढायची हौस आणि ते मंडळाचे जुने सभासद. फोन कधी करत नसत, मंडळातही कमीच बोलायचे. त्यांनी आधी कॅमेऱ्याची चौकशी केली, मग हवापाण्याची. मास्तरांना वाटलं, यांना उधार कॅमेरा पाहिजे असावा.

“मास्तर, तुमचं कार्ड जुनं आहे का? ऊन लागून रंग गेलेला वगैरे?” डॉक्टरांनी विचारलं.

“छे, गेल्या महिन्यातच नवीन आणलंय.”

“आणि शाल निळी आली? बरोबर निळी?”

“शाल अगदी बरोबर आली. कार्डही बरोबर. फक्त चेहराच—” मास्तर बोलता बोलता थांबले.

डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, “कार्ड राखाडी आहे, शाल निळी आहे. मग सॉफ्टवेअर एकट्या वहिनींनाच कसं पिवळं करेल, मास्तर? वहिनी आहेत का तिथे? त्यांना उजेडात न्या आणि डोळे बघा. उद्यावर टाकू नका.”

मास्तरांनी फोन ठेवला. वहिनी दाराशी खुर्ची टाकून, उन्हात बसून कुणाचेसे पासपोर्टचे फोटो कापत होत्या. मास्तर जाऊन त्यांच्यासमोर उभे राहिले. म्हणाले, वर बघ. त्यांनी वर बघितलं. जी झाक मास्तरांनी स्क्रीनवर पट्टी ओढून काढून टाकली होती, ती त्या उघड्या उन्हात, त्यांच्या डोळ्यांत, हळदीसारखी उभी होती.

“काय बघताय?” वहिनींनी विचारलं.

“काही नाही,” मास्तर म्हणाले. “दुकान बंद करू. आपल्याला डॉक्टरकडे जायचंय.”

“हे फोटो कापून तरी होऊ देत. ते गृहस्थ न्यायला येतील.”

मास्तरांनी कात्री त्यांच्या हातातून काढून घेतली.

तपासण्या झाल्या. पोटात, स्वादुपिंडात गाठ होती. ती वाढून पित्ताची नळी दाबत होती, म्हणून अंगात पित्त साठून कावीळ उतरली होती. दुखलं-खुपलं काही नव्हतं, या आजारात पुष्कळदा दुखतच नाही, असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं. गाठ बाहेर पसरली होती. कापून काढण्याजोगी राहिली नव्हती.

मास्तरांनी मोठ्या डॉक्टरांना बाजूला गाठलं. हातात तो लेख छापून नेला होता. ही झाक आपल्याला आधीच दिसली होती, तेव्हाच आणलं असतं तर काही फरक पडला असता का, असं त्यांनी विचारलं. डॉक्टरांनी कागद पाहिले, तारीख पाहिली. म्हणाले, “एवढ्या दिवसांनी फार फरक पडला नसता.”

“फार नाही. पण थोडा?”

डॉक्टरांनी कागद घडी घालून परत दिले. मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या पेशंटकडे गेले. मास्तरांना त्या हातात उत्तर सापडेना. डॉक्टर खरं बोलले की दया दाखवून गेले, हे ते पुढे कैक महिने स्वतःशी उकलत राहिले.

लेक रजा टाकून आली. वहिनींची मोठी बहीण, अक्का, पिशव्या घेऊन आली ती राहायलाच. अक्का तोंडाची फटकळ, आल्याआल्या तिने स्वयंपाकघराचा ताबा घेतला आणि मास्तरांना जेवला नाहीत म्हणून दिवसातून दोनदा झापायला सुरुवात केली. त्या झापण्यावरच मास्तर तग धरून होते. वहिनींना त्यांनी अजून सगळं सांगितलं नव्हतं. आजार काय तो सगळ्यांनी मिळून सांगितला, तो त्यांनी शांतपणे ऐकून घेतला. राहिलं होतं ते लेखाचं.

एका दुपारी अक्का आणि लेक औषधं आणायला गेल्या तेव्हा ते इस्पितळात वहिनींच्या पलंगाशी बसले. खिडकीतून पाण्याच्या टाक्या आणि वाळत घातलेले कपडे दिसत होते.

“मला दिसलं होतं,” मास्तर म्हणाले. “तू पिवळी दिसत होतीस. मी ते पुसून टाकलं. सॉफ्टवेअरची चूक म्हणून लिहिलं.”

वहिनींच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं.

“म्हणजे स्क्रीनवर तरी तुम्ही मला बरं केलंत,” त्या म्हणाल्या.

मास्तरांना ते सहन झालं नाही. ते तोंड फिरवून बसले. वहिनींनी त्यांचा हात ओढून आपल्या पांघरुणावर घेतला.

“अहो, मलाही आरशात दिसत होतं. मी गेले का डॉक्टरकडे? तुम्ही दिवा बदललात, मला बरंच वाटलं. घाबरायचं नव्हतं मलाही.” मग म्हणाल्या, “तो लेख मात्र दुरुस्त करा. बिचारे फुकटात राबतात आणि तुम्ही त्यांना नावं ठेवलीत. खरं बोललं होतं तेच एकटं.”

पित्ताच्या नळीत एक बारीक नळी बसवली, तसा साठलेला पिवळेपणा उतरत गेला. वहिनी घरी आल्या. हळूहळू त्यांचा रंग परत आला, खाज थांबली, चार घास पोटात जायला लागले. बघायला येणाऱ्यांना वाटायचं, उतार पडला. गल्लीतला चावीवाला म्हणालासुद्धा, वहिनी आता पहिल्यासारख्या दिसतात. रंग पहिल्यासारखा झाला होता, हे खरंच होतं. आतली गाठ होती तिथेच होती. ज्या माणसाने सगळा जन्म रंगावर भरवसा ठेवला, त्याला आता समोरचा तजेला बघून भरून यायचं आणि खाली दुकानात जाऊन उभं राहावं लागायचं.

अशाच एका सकाळी वहिनी आपणहून म्हणाल्या, “आता काढा माझा फोटो. आता रंग बरोबर आहे.”

मास्तरांनी कॅमेऱ्याला हात लावून बरेच दिवस झाले होते. दुकान लेकच जमेल तसं उघडत होती. ते नको म्हणाले. वहिनी म्हणाल्या, मग मी अक्काला मोबाइलवर काढायला सांगते, ती माझं डोकं छाटेल. तेव्हा ते उठले. लेकीने आईला धरून खिडकीशी आणलं. स्टुलावर बसणं आता झेपणारं नव्हतं, म्हणून पाठीची खुर्ची लावली. मास्तर सवयीने खणातलं राखाडी कार्ड घेऊन आले.

“ते ठेवा,” वहिनी म्हणाल्या. “आज काही तपासायचं नाहीये.”

कार्ड नाही म्हटल्यावर हातांचं काय करायचं, हे वहिनींना कळेना. इतक्या वर्षांत त्या खिडकीत त्या रिकाम्या हाताने बसल्याच नव्हत्या. त्यांनी आधी हात मांडीवर ठेवले, मग एकमेकांत गुंतवले, मग शालीचं टोक धरलं, आणि स्वतःचंच हसू आलं त्यांना. त्या हसण्यात मास्तरांनी फोटो घेतला. एकच. वहिनींनी कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर तो बघितला आणि म्हणाल्या, “बरी दिसतेय की.” मग दमल्या म्हणून आडव्या झाल्या.

थंडी सरता सरता त्या गेल्या. शेवटी त्यांना गुंगीचं औषध चालू होतं. लेक उशाशी होती, अक्का पायांशी, आणि मास्तर हात धरून. दिवस चांगला वर आला होता, खाली शाळेच्या बसचा हॉर्न वाजत होता. अक्काने डोळ्यांवरून हात फिरवला आणि इतके दिवस सगळ्यांना झापणारी ती बाई भिंतीला टेकून खाली बसली.

त्यानंतर घरात माणसं आली आणि गेली. भिंतीवर लावायला फोटो हवा, असं कुणीतरी म्हणालं. लेकीने कॉम्प्युटर उघडला. आईचे फोटो किती म्हणून सांगावेत, फोल्डरच्या फोल्डर भरलेली. पण प्रत्येकात हातात ते कार्ड. ज्या माणसाने गावातल्या प्रत्येक घरातला कुणी ना कुणी टिपला, त्याने स्वतःच्या बायकोला कार्डाशिवाय बघितलंच नव्हतं, असं अक्का म्हणाली. म्हणाली आणि लगेच गप्प झाली, कारण मास्तर तिथेच बसले होते.

“नव्या कॅमेऱ्यात एक आहे,” मास्तर म्हणाले.

फाईल होती, पण रॉ. कच्ची. तिचा फोटो अजून झालेला नव्हता. मास्तर कॉम्प्युटरसमोर जाऊन बसले आणि त्यांचा हात पुढे जाईना. माहेरच्यात उघडली तर ती गुलाबी दिसेल. भाड्याच्यात उघडली तर सावल्या गडद होतील आणि गालाची हाडं वर येतील. फुकटच्यात उघडली तर कदाचित असं काही दिसेल की जे त्या सकाळी आपण पाहायचं टाळलं. नुसतं टिचकी मारण्याचं काम, पण ती मारली की त्यांतली एकच खरी बायको ठरणार आणि बाकीच्या जाणार. अमक्याचं तमक्याहून सरस कसं, हे लोकांना वर्षानुवर्षं छातीठोकपणे सांगणाऱ्या मास्तरांना आपली बायको खरी कशी दिसायची ते ठरवता येईना.

“तू कर,” ते लेकीला म्हणाले आणि उठून बाहेर गेले.

लेकीने दार लोटून घेतलं. दोनेक दिवसांनी तिने फोटो छापून, चौकटीत बसवून आणला. मास्तरांनी तो हातात घेतला, बराच वेळ बघितला, शालीच्या टोकाला धरलेल्या बोटांवरून अंगठा फिरवला. फाईल कशात उघडलीस, हे त्यांनी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. त्यांनीच भिंतीत खिळा ठोकला.

लेक परत नोकरीवर गेली. अक्का अजून महिनाभर राहणार होती, ती राहतच गेली. मास्तर दुकानात बसायला लागले. मंडळात तो लेख तसाच होता, रोज कुणीतरी नवा माणूस तो वाचत होता आणि त्याखाली आभार मानत होता. एक दिवस त्यांनी तो उघडला. काढून टाकावा, असं आधी मनात आलं. मग त्यांनी लेख तसाच ठेवला आणि वर चार ओळी घातल्या: ‘या लेखातला निष्कर्ष चुकीचा आहे. फुकटच्या सॉफ्टवेअरने रंग बरोबर दाखवला होता, इतर कुणाहीपेक्षा बरोबर. ज्यांना मी दोष दिला त्यांची माफी मागतो. पिवळेपणा सॉफ्टवेअरचा नव्हता. फोटोतली व्यक्ती आता नाही.’

खाली उत्तरांची रीघ लागली. त्या लेखावर हिरिरीने भांडलेल्यांपैकी कुणी फक्त ‘वहिनी’ एवढं लिहिलं होतं. दातांचे डॉक्टर स्वतः येऊन गेले, तासभर बसले, आपण दोन दिवस उशिरा फोन केला असं सारखं म्हणत राहिले. लेख पहिल्याच दिवशी वाचला होता, पण असं कसं बोलावं म्हणून कचरलो, म्हणाले. मास्तरांनी त्यांना चहा पाजला. दोन दिवसांनी काही फरक पडला नसता, असं म्हणाले, आणि आपल्या तोंडून कुणाचं वाक्य आलं ते त्यांच्या लक्षात आलं.

मास्तरांनी पुढे तुलनेचे लेख लिहिले नाहीत. मंडळातून विचारणा व्हायची, नवी आवृत्ती आलीय, मास्तर काय म्हणतात? ते कळवायचे, हाताला येईल ते वापरा, सगळी चांगली आहेत. पासपोर्टचे फोटो ते अजून काढतात. फोटो कापायला मात्र आता कटर बाहेर काढलंय.

एक नवी खोड त्यांना लागली. माणूस खुर्चीवर बसला की ते आधी त्याला दाराशी उजेडात नेतात आणि वर बघायला सांगतात. गिऱ्हाइकाला वाटतं, फोटोसाठीच असेल काहीतरी. एखाद्याचे डोळे त्यांना गढूळ वाटले की ते म्हणतात, एकदा रक्त तपासून घ्या. बहुतेकांना ते आवडत नाही. एक बाई फोटो न काढताच तडकून निघून गेल्या. एका गृहस्थांनी, तुम्ही फोटोवाले की वैद्य, असं सुनावलं, त्यांचे डोळे नुसते जागरणाने लाल झाले होते. अक्काच्या कानावर गेलं तेव्हा तिने खडसावलं, की भावोजी, अशाने दुकानात चिटपाखरू फिरकायचं नाही.

मास्तरांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी सकाळी नोकरीच्या अर्जासाठी फोटो काढायला एक तरुणी आली. त्यांनी तिला दाराशी उभं केलं, वर बघ म्हणाले, आणि नीट, जरुरीपेक्षा बराच जास्त वेळ बघितलं. तिच्या डोळ्यांत काही नव्हतं. तेव्हा ते म्हणाले, “छान. बस आता,” आणि कॅमेरा उचलला.